मागच्या खोलीचे भाडे

मी, खाली सही करणारी, चष्म्यांच्या दुकानाची मालकीण, अविवाहित, राहणार दुकानामागच्या खोलीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहीत आहे. कोणी माझा हात धरलेला नाही आणि कोणी शेजारी बसून मजकूर सांगत नाही. शरीर थकले आहे, ते आता फार दिवस साथ देणार नाही असे समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला आडपडदा न ठेवता सांगितले आहे. डोळे मात्र शाबूत आहेत. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकच केले होते, तेही रागात.

कलम पहिले. माझ्या शुद्धीबाबत.

हे कलम आधी घेण्याचे कारण असे की पुढच्या मजकुरात काही गोष्टी येणार आहेत, ज्या वाचून कोणी म्हणेल की म्हातारीचे डोके फिरले होते. माझे करसल्लागार, जे या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणार आहेत, त्यांनी कच्चा मसुदा वाचून मला विनंती केली, "बाई, ही पावलांची वाक्यं काढा. उद्या कोणी कोर्टात गेलं तर याच ओळींवर बोट ठेवतील." मी नाही म्हणाले. ती वाक्ये काढली तर वरचा मजला मी कोणाला का देते आहे हेच कळणार नाही. म्हणून डॉक्टरबाईंकडून तपासणी करून घेतली. त्यांनी मला वार विचारला, महिने उलटे म्हणायला लावले, आणि शेवटी विचारले, "आवाज ऐकू येतात का?"

"यायचे," मी म्हणाले. "कुठून यायचे तेही सांगते."

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी लिहिले की बुद्धी व स्मरण उत्तम, श्रवणशक्ती वयाच्या मानाने चांगली. तो दाखला सोबत जोडला आहे.

कलम दुसरे. घर.

रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे माझी खोली व मोरी, बोळातून वर जाणारा लाकडी जिना, आणि वर दोन खोल्या. पुढची खोली रस्त्यावर उघडते. मागची खोली दुकानातल्या भिंगे घासण्याच्या यंत्राच्या बरोबर डोक्यावर येते. हे सर्व माझ्या स्वकष्टाच्या पैशातून घेतलेले आहे. आमच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, अनेक ठिकाणी असे सांगितले आहे की या घरात वडिलांचा पैसा आहे. वडिलांनी मला एक स्टूल दिले होते. ते दुकानात आहे, दादाने न्यावे.

कलम तिसरे. दुकानातील हत्यारे.

घासण्याचे यंत्र, तपासणीच्या भिंगांची पेटी, अक्षरांचा तक्ता, फ्रेम गरम करण्याची शेगडी व सर्व पक्कडी पलीकडच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्याला द्याव्यात. हा माणूस आयुष्यभर माझा प्रतिस्पर्धी होता. माझ्या दुकानाला आठवड्याची सुट्टी असे त्याच दिवशी तो मुद्दाम दुकान उघडे ठेवी, आणि माझी गिऱ्हाइके त्याने बरीच ओढली. पण त्याच्याकडचा चष्मा माझ्याकडे दुरुस्तीला आला तर भिंगात कधी खोट सापडली नाही. यंत्राचा पट्टा ढिला आहे हे त्याला सांगावे.

कलम चौथे. वरच्या मजल्याचे भाडे.

हे जरा विस्ताराने लिहावे लागेल.

माझी धाकटी बहीण नवऱ्याचे घर सोडून आली तेव्हा तिची मुलगी, माझी भाची, चांगली जाणती होती. ती आईबरोबर आली नाही, बापाजवळ राहिली. पुढे बाप वारला. धाकटी अंत्यविधीला गेली नाही. त्यानंतर भाची एकदाच इथे आली, जिन्याच्या पहिल्या पायरीशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुझ्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

"माझं घर आहे कुठे?" धाकटी म्हणाली. "ताईच्या घरी राहते मी."

भाची गेली, ती कायमची. पत्ता कळवला नाही. कोणाकडून तरी एवढे कळले की दूरच्या शहरात तिने लग्न केले आहे.

त्याच आठवड्यात धाकटी दुकानात माझ्यासमोर येऊन बसली. ती बेकरीत केकवर साखरेची फुले काढायची, पहाटेच निघून दुपार उलटल्यावर यायची. म्हणाली, "ताई, पुढची खोली मला भाड्याने दे."

"भाड्याने? वेड लागलंय का तुला? राहतेस तशी राहा की."

"राहते आहे ती तुझे उपकार म्हणून. उद्या ती परत आली तर मला तिला सांगता आलं पाहिजे की ही जागा माझी आहे. मावशीनं दया म्हणून दिलेली नाही."

मी करसल्लागारांकडे गेले. तेव्हा ते नवे होते, माझ्याकडूनच चष्मा नेत. मी म्हणाले, सख्ख्या बहिणीचे भाडे कागदावर कशाला दाखवायचे.

"सख्खी असो की चुलत," ते म्हणाले, "भाडं घेतलं की ते तुमचं उत्पन्न झालं. विवरणपत्रात दाखवावंच लागेल."

"मग नावापुरतं घेते थोडंसं. तिचं मन राहील."

"त्यात तर जास्त पंचाईत आहे. नावापुरतं घेतलंत तर कर कचेरी म्हणेल, हा घरगुती मामला आहे, भाड्याचा व्यवहारच नाही. मग छताची दुरुस्ती, रंगकाम, काहीच वजा करू देणार नाहीत, आणि आलेल्या पैशावर कर मात्र घेतील. बाई, एक तर फुकट ठेवा, नाहीतर परक्याला द्याल त्याच दराने द्या. मधलं काही करू नका. रीतसर करार करा, भाडं बँकेतून येऊ द्या, दर महिन्याला पावती फाडा."

मला वाटले हे ऐकून धाकटी गप्प बसेल. तिने उलट सुटकेचा श्वास सोडला. म्हणाली, "हेच पाहिजे. परक्यासारखं दे." मग आम्ही गल्लीतल्या दोनतीन घरांत चौकशी करून चालू दर काढला आणि करार केला. घरमालक म्हणून मी, भाडेकरू म्हणून ती. सही करताना तिने पहिल्यांदाच माझ्या पेनाऐवजी स्वतःचे पेन वापरले.

दादाला कळले तेव्हा त्याने नातेवाइकांत बोभाटा केला की हिने पाठच्या बहिणीला भाडेकरू केले. मी खुलासा केला नाही. लोकांना करसल्लागाराचे बोलणे समजावत बसण्यापेक्षा वाईट म्हणवून घेणे मला सोपे गेले.

कलम पाचवे. मागची खोली.

काही वर्षे अशी गेली. मग एका दुपारी धाकटी बेकरीतून लवकर आली. बाह्यांवर साखर तशीच होती. मोरीत बराच वेळ हात धूत राहिली. बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, मागची खोलीपण मला दे. तिच्यासाठी."

"तिच्यासाठी म्हणजे?"

"आली तर तिला स्वतःची खोली नको का?"

मी म्हणाले, येईल तेव्हा बघू. ती ऐकेना. चालू दराने, करारावर चढवून, त्याच महिन्यापासून. तिचा पगार तो केवढा, त्यातला निम्म्याहून अधिक आता मलाच यायचा. तिने नवी साडी घेणे बंद केले आणि भाडे दिले. मी ते उत्पन्नात दाखवले, कर भरला, आणि उरलेले भाचीच्या नावाने वेगळे ठेवत गेले. धाकटीला ते सांगितले नाही. सांगितले असते तर तिने मला माफ केले नसते.

मागच्या खोलीत तिने एक पलंग, एक टेबल आणि आरसा आणला. दर आठवड्याला ती तिथली चादर बदलायची. न वापरलेली चादर धुवायची, वाळवायची, इस्त्री करून परत घालायची. मी विचारले तर म्हणायची, "धूळ बसते."

आता ते लिहिते जे काढून टाकायला सांगितले होते. ती खोली घेतल्यानंतरच्या हिवाळ्यात मला यंत्रावर काम करताना डोक्यावर पावले ऐकू येऊ लागली. धाकटी तेव्हा बेकरीत असायची. मी यंत्र बंद करून ऐकायचे. पलंगापासून खिडकीपर्यंत, मग थांबणे, मग परत. लाकूड तापल्यावर वाजते तसा तो आवाज नव्हता. वजन होते त्याला. एकदा वर जाऊन कुलूप पाहिले. लागलेले होते, आणि किल्ली धाकटीजवळ.

बरेच दिवस मी हे मनात ठेवले. शेवटी जेवताना म्हणाले, "मागच्या खोलीत कोणीतरी चालतं गं दुपारचं."

ती दचकली नाही. हातातला घास खाली ठेवून तिने विचारले, "कशी चालते?"

मला तो प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले. मी म्हणाले, "हळू. अनवाणी असल्यासारखी."

"जमीन गार पडते आता," ती म्हणाली, आणि पुढे जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने येताना सपाता आणल्या, मऊ, राखाडी रंगाच्या, आणि पलंगाशी ठेवल्या. त्यानंतर आवाज बदलला. पावले आता किंचित घासत यायची. मी पुन्हा काही बोलले नाही. कामात खंड पडू नये म्हणून यंत्राचा वेग वाढवून ठेवायचे. पण संध्याकाळी यंत्र बंद करताना क्षणभर वर कान द्यायचे, हे कबूल केले पाहिजे. ऐकू आले नाही तर चैन पडत नसे.

कलम सहावे. दादाविषयी तक्रार.

दादाचा मुलगा लग्नाचा झाला होता आणि वरचा मजला त्याला मिळेल असे दादाने गृहीत धरले होते. तसे तो मला कधी बोलला नाही, माझ्या समोर खोल्यांची लांबीरुंदी मात्र विचारायचा. करार पक्का आहे हे पाहून त्याने कर कचेरीला कळवले की या दोघी बहिणींचा भाड्याचा व्यवहार खोटा आहे, खर्च वजा करून घेण्यासाठी केलेला आहे, आणि वरची एक खोली तर रिकामीच आहे.

तपासणी अधिकारी आले. सभ्य माणूस होता. दुकानातून उठून मी त्यांना वर नेले, धाकटीला बोलावून घेतले. त्यांनी टेपने खोल्या मोजल्या, करार पाहिला, बँकेचे उतारे पाहिले, गल्लीतले दर विचारले. मग मागच्या खोलीचे दार उघडले. इस्त्रीची चादर, पुसलेला आरसा, सपाता.

"इथे कोण राहतं?"

"माझी मुलगी," धाकटी म्हणाली.

"कुठे असते?"

"बाहेर गेली आहे."

"कधीपासून?"

धाकटीने चादरीची कड सरळ केली. अधिकाऱ्यांनी उशीवर हात ठेवून पाहिला, मग कागदावर लिहू लागले. लिहिता लिहिता सवयीने मोठ्याने म्हणत होते, "मागील खोली, रिकामी."

"रिकामी लिहू नका," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. पण तसा आवाज मी तिचा आधी कधी ऐकला नव्हता, आणि अधिकाऱ्यांनीही पेन थांबवले. "मी भाडं भरते या खोलीचं. रिकामी असती तर भरलं असतं का?"

त्यांनी हातातले उतारे पुन्हा चाळले. मग म्हणाले, "भाडं चालू दरानं आहे, बँकेतून आहे, मालकिणीनं उत्पन्नात दाखवलं आहे. खोलीत झोपायचं की नाही हा भाडेकरूचा प्रश्न. कचेरीचा नाही." त्यांनी एक शब्द खोडला आणि वर लिहिले, "भाडेकरूच्या ताब्यात."

जिना उतरताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले. खाली आल्यावर मला विचारले, "आत्ता वर तुमच्या बहीणच आहेत ना एकट्या?" मी हो म्हणाले.

दादाला मी जाब विचारला. तो म्हणाला, "मी खोटं काय कळवलं? आहेच ती खोली रिकामी. सगळ्यांना दिसतं, तुम्हालाच दिसत नाही." त्यावर मी त्याच्याशी बोलणे सोडले. जे पहिले मृत्युपत्र केले ते तेव्हाचे.

कलम सातवे. धाकटीनंतर.

धाकटी छातीच्या दुखण्याने गेली. दवाखान्यात दुपारी, मी शेजारी असताना. तिने स्वतःचे मृत्युपत्र करून ठेवले होते आणि सर्व शिल्लक "माझ्या मुलीस, व ती हयात नसल्यास तिच्या अपत्यांस" अशी लिहून दिली होती. शिवाय असे की वारस मिळेपर्यंत त्या शिलकेतून दोन्ही खोल्यांचे भाडे देत राहावे.

करसल्लागारांना मी म्हणाले, "मेलेल्या बहिणीकडून भाडं घेऊ मी?"

"तुम्हाला नको असेल तर करार संपवा," ते म्हणाले. "पण चालू ठेवणार असाल तर पैसे तिच्या मालमत्तेतून येतील, पावती त्याच नावाने फाडायची, आणि तुमच्याकडे ते उत्पन्नच. बहीण हयात नाही म्हणून कर माफ होत नाही."

मी करार संपवला नाही. दर महिन्याला मृत बहिणीच्या नावाने पावती फाडली. आणि वर आता दोघींची पावले होती. एक घासत चालणारी, आणि एक पहाटे जिन्याच्या दिशेने जाणारी. घरात कधी कधी जळक्या साखरेचा वास यायचा. मला भीती वाटली का असे डॉक्टरबाईंनी विचारले होते. भीती वाटत नव्हती. वाटायचे ते असे की मला कोणीतरी वर बोलावले पाहिजे, आणि बोलावत नाही.

वारस शोधणे भाग होते म्हणून करसल्लागारांनी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. काही महिन्यांनी एक माणूस दुकानात आला. पिकलेले केस, हाताला ग्रीसचे डाग, लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करणारा. तपासणीच्या खुर्चीत बसला. मला वाटले डोळे तपासायला आला आहे. मी भिंगांची पेटी उघडली.

"मी तुमचा भाचेजावई," तो म्हणाला.

मी विचारले, ती कुठे आहे.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी पेटी मिटली. "मावशी, तुम्हाला माहीत नाही? ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. रक्ताचा आजार होता."

मला एवढेच सुचले, "बरं झालं, धाकटीला कळलं नाही."

"त्यांना माहीत होतं की," तो म्हणाला. "मी स्वतः येऊन सांगितलं होतं. बेकरीच्या मागच्या दाराशी. हात साखरेने भरलेले होते त्यांचे. मला म्हणाल्या, 'तिला त्रास झाला का?' मी नाही म्हणालो. खोटंच बोललो. मग मी सांगितलं की आम्हाला लहान मुलगी आहे, तिला भेटायला या. तर म्हणाल्या, 'आत्ता नको. आत्ता मला खोली बघायची आहे.' मला ते फार लागलं. पोटची मुलगी गेल्याचं सांगतोय आणि या खोलीचं बोलतात. पुन्हा मी इकडे फिरकलो नाही."

मी त्याला दिवस विचारला. त्याला तारीख, महिना, वर्ष सगळे पक्के आठवत होते. मागच्या खोलीचा करार त्याच आठवड्यातला आहे.

म्हणजे ती खोली धाकटीने मुलगी परत येईल म्हणून घेतली नव्हती. मुलगी आता कुठूनच येणार नाही हे कळल्यावर, हात धुऊन, घेतली होती. आणि त्यानंतर धाकटीने, ती स्वतः जिवंत होती तोवर, दर महिन्याला चालू दराने भाडे भरले, चादरी बदलल्या, मला विचारले की कशी चालते. एवढी वर्षे एका ताटात जेवून तिने मला हे सांगितले नाही. या गोष्टीचा मला राग आहे. तो मी कोणाच्या नावे करू शकत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

कलम आठवे. वरच्या मजल्याची व्यवस्था.

भाचीची मुलगी, म्हणजे धाकटीची नात, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बापाने सांगितल्यावर ती आली. रस्त्यावरून दुकानात शिरली तेव्हा मी तिला कोणासारखी म्हणून ओळखले नाही, आणि ते मला बरे वाटले. तिला वर नेले. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती थांबली.

"आई इथे कधी राहिली होती का?"

"नाही," मी म्हणाले. "जिन्याच्या वरसुद्धा आली नव्हती."

ती आत गेली. खिडकी उघडली, आरशावर बोट फिरवले, पलंगावर बसली. मग वाकून सपाता उचलल्या.

"या कोणाच्या?"

"तुझ्या आजीनं तुझ्या आईसाठी आणल्या होत्या."

तिने त्या उलट्या केल्या. मीही तेव्हाच प्रथम पाहिले. टाचेकडचा भाग झिजून पातळ झाला होता, आणि एकीला अंगठ्यापाशी भोक पडले होते.

"वापरलेल्या आहेत," ती म्हणाली.

"तुझ्या आजीनं घातल्या असतील."

"आजीचा पाय केवढा होता?"

धाकटीचा पाय माझ्यापेक्षाही मोठा होता, तिला बेकरीत पुरुषांचे बूट लागायचे. मुलीने सपाता होत्या तशा ठेवल्या, दोन्ही एका ओळीत, आणि म्हणाली, "आजी, मी इथे राहायला येऊ का?"

ती आली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. वारस म्हणून करार तिच्या नावावर झाला आहे आणि ती भाडे भरते. तिने पुस्तके, बाटल्या, ओले टॉवेल असा पसारा मांडला आहे. ती आली त्या दिवसापासून वर तिच्याशिवाय कोणाचे पाऊल वाजलेले नाही. दुपारी ती कामावर असते तेव्हा मी यंत्र बंद करून ऐकते. काही नाही. त्या दोघी गेल्याचे दुःख मला ज्या त्या वेळी झाले असावे असे लोकांना वाटते. मला ते आता होते आहे.

सबब, वरचा संपूर्ण मजला, जिना व बोळाच्या हक्कासह, माझ्या पश्चात तिला मालकीहक्काने मिळावा. माझी खोली व दुकानाची जागाही तिचीच. तिच्या आईच्या नावाने बाजूला ठेवलेली सर्व रक्कमही तिचीच, त्यावरचे कर मी भरलेले आहेत.

कलम नववे. दादा.

दादा माझ्याहून मोठा, पण डॉक्टरबाईंच्या बोलण्यावरून पाहता जाण्यात मीच पुढे आहे. त्याच्या मुलांनी त्याचे घर विकले. तो कधी एकाकडे असतो, कधी दुसऱ्याकडे, आणि कुठेही बॅग पूर्ण उघडत नाही. मागच्या महिन्यात तो दुकानात आला. कितीतरी वर्षांनी. डोळ्यांत मोतीबिंदू, तक्त्यावरची वरची ओळही वाचेना. मी सांगितले, चष्म्याचे काम नाही, शस्त्रक्रिया करून घे. तो उठला नाही.

"तुझ्यानंतर तुझी खोली रिकामी होईल," तो म्हणाला.

"ती धाकटीच्या नातीला देते आहे. तू राहा त्यात, जिवंत आहेस तोवर. तसं लिहून ठेवते."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. मी पुढे म्हणाले, "भाड्याने."

"भाड्याने? नातीकडे भाडं भरू मी?"

"हो. परका भरेल तेवढं."

तो जिन्याच्या दिशेने पाहत राहिला, जरी त्याला फारसे दिसत नव्हते. "वर खरंच कोणी चालायचं का गं?"

"चालायचं."

"मी तर कळवलं होतं, रिकामी आहे म्हणून."

"हो."

तो काठीची मूठ चोळू लागला. मुलांकडे राहताना तो जेवायला बसण्याआधी 'बसू का' म्हणून विचारतो, असे मी ऐकले होते. मग त्याने खालच्या आवाजात विचारले, "पावती मिळेल ना मला?"

"दर महिन्याला," मी म्हणाले. "तुझ्या नावाची."

तेव्हा माझी वारसदार असलेल्या धाकटीच्या नातीस सूचना: दादाला माझी खोली तहहयात भाड्याने द्यावी. दर चालू असेल तोच. वय झाले, नात्यातला आहे, म्हणून कमी करू नये. करार करावा, भाडे बँकेतून घ्यावे, पावती द्यावी, रक्कम उत्पन्नात दाखवून त्यावरचा कर वेळेवर भरावा. त्याला कोणी विचारले की कोणाकडे राहतोस, तर त्याला भाडेकरू म्हणता यावे. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र माझ्या शिलकेतून द्यावा, आणि तो परत मागू नये.

कलम दहावे. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करसल्लागारांनी करावी. माझे शेवटचे विवरणपत्र, मी ज्या दिवसापर्यंत जिवंत असेन तिथपर्यंतच्या भाड्यासह, त्यांनीच भरावे. पावलांची वाक्ये ठेवू दिल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सपाता कोणालाही देऊ नयेत.

दादाला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे सांगितल्यावर तो ओशाळून बाहेर जाऊन बसला.

ठिकाण: दुकानामागची खोली, दुपारी, दार उघडे ठेवून.
दिनांक: नोंदणी कचेरीच्या शिक्क्यावर आहे तोच.

(सही)
मृत्युपत्र करणारी, चष्म्यांच्या दुकानाची मालकीण

साक्षीदार:
१. समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर (सही)
२. बेकरीच्या मालकीण (सही)

आम्ही साक्षीदार लिहून देतो की मृत्युपत्र करणारीने आमच्या देखत, समजून उमजून सही केली. त्या वेळी खोलीत आम्ही तिघीच होतो. वरच्या मजल्यावर कोणी नव्हते.

वरील शेवटचे वाक्य मला वाचून दाखवण्यात आले. बरोबर आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी